बटाट्याची साल, तांदळाची कणी आणि इथेनॉल: एका बॅचचा हिशेब

वेफर्सवाल्यांकडून हमखास येणारा प्रश्न असतो: रोज एवढी साल निघते, तिचं इथेनॉल होईल का? होतं. पण किती होईल, हे सालीचा ढीग बघून सांगता येत नाही. ढिगात पाणी किती, कोरडा माल किती आणि त्या कोरड्या मालात स्टार्च किती, हे आकडे हातात आल्याशिवाय पुढची सगळी चर्चा हवेतली. शिजवणं, साखर करणं, आंबवणं, गाळणं (म्हणजे डिस्टिलेशन) हा सगळा त्या स्टार्चचा पाठलाग आहे. तो कोणत्या टप्प्यावर सांडला हे ज्याला कळतं, त्याचीच पुढची बॅच सुधारते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे केमिकल किंवा बायोटेकचे विद्यार्थी, आणि वेफर्स, फरसाण, पोहे, तांदूळ यांचे लहान कारखाने चालवणारे. कृती प्रयोगशाळेतल्या साडेतीन किलोच्या बॅचची आहे. कारखान्याच्या मापाबद्दल शेवटी बोलू.

आधी कायद्याचं

महाराष्ट्रात मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, तयार करणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कक्षेत येतं. "इंधनासाठी करत होतो" हे उत्तर तिथे चालत नाही. स्वयंपाकघरात कुकरला नळी लावून गाळलेलं द्रव कायद्याच्या नजरेत हातभट्टीचंच. त्यामुळे काम करायचं ते कॉलेजच्या किंवा संस्थेच्या प्रयोगशाळेत, संस्थेमार्फत राज्य उत्पादन शुल्क विभागाची लेखी परवानगी घेऊन, आणि किती तयार झालं, किती वापरलं, किती नष्ट केलं याची नोंदवही ठेवून.

परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत रिकामं बसायची गरज नाही. स्टार्चची साखर होईपर्यंतचं काम करा, ग्लुकोज मोजा आणि त्यावरून इथेनॉल किती मिळालं असतं ते कागदावर काढा. शिकायचं त्यातलं निम्म्याहून जास्त तिथेच शिकून होतं.

तयार होणारं द्रव पिण्याचं नाही, हे लेबलवर मोठ्या अक्षरात लिहा. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्यामागे औद्योगिक मिथेनॉल होतं, आंबवलेला बटाटा नव्हे. तरीही प्रयोगशाळेतली बिनलेबलची बाटली भलत्याच्या हाती लागू शकते, हा धोका खरा आहे.

माल ओळखणं

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात मका आणि टॅपिओकाच्या जोडीला खाण्यास अयोग्य अशी तुटकी कणी, खराब धान्य आणि सडके बटाटे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे धोरणाची अडचण नाही. अडचण मालाच्या जातीची आहे, कारण "बटाट्याची साल" या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू येतात.

वडे-समोश्यांच्या कारखान्यातली उकडलेल्या बटाट्याची साल कागदासारखी पातळ असते. तिच्यात वरचा टणक पापुद्राच जास्त, स्टार्च नावापुरता. मुंबईत ही साल सगळ्यात सहज मिळते आणि सगळ्यात कमी कामाची असते. तिचं खत करा.

वेफर्सच्या कारखान्यात खरखरीत अस्तराच्या फिरत्या ड्रममध्ये बटाटा घासून सोलतात. तिथून येतो तो सालीचा लगदा, आणि त्यात गरही खरवडून आलेला असतो. पाणी ८० ते ८५ टक्के, पण कोरड्या भागात ४० टक्क्यांच्या आसपास स्टार्च मिळू शकतो. ड्रम किती वेळ फिरवला, बटाटा नवा की कोल्ड स्टोरेजचा, यावर आकडा बराच हलतो. कोल्ड स्टोरेजमध्ये स्टार्चची थोडी साखर होते. वेफर्स काळपट पडतात म्हणून कारखानदाराला ती नको असते, आपल्याला चालते.

खरा ऐवज असतो काप धुतलेल्या पाण्यात. घरी किस किंवा वेफर्स करताना परातीच्या तळाशी पांढरं सत्त्व बसतं, तोच प्रकार इथे टाकीभर. पाणी तास-दोन तास स्थिर ठेवून वरचं ओतून दिलं की खाली जवळपास शुद्ध स्टार्च उरतो. कित्येक लहान युनिटं तो थेट गटारात सोडतात आणि वर पाइप तुंबला म्हणून प्लंबरला पैसे मोजतात.

तळलेला चुरा घेऊ नका. वेफर्समध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश तेल असतं. ते पिठाळ द्रवावर तवंग धरतं, डिस्टिलेशनमध्ये फेस आणि घाण करतं. मीठ-मसाल्याचा तर प्रश्नच नाही.

तांदळाची कणी कर्जत, पालघरकडच्या भातगिरण्यांतून मिळते. पाणी १२ टक्क्यांच्या आसपास, स्टार्च ७० टक्क्यांच्या वर. पण कणी मुळात खाण्याचा जिन्नस आहे. पेज, इडली, आंबोळी यांत जाऊ शकणारी कणी इंधनात घालणं मला पटत नाही. किडकी, पिवळी पडलेली, भिजून बुरशीचा वास धरलेली कणी मागा, ती स्वस्तही पडते. पेणकडच्या पोह्याच्या गिरण्यांत चाळणीखाली पडणारी पूडही उत्तम. भात भिजवून, भाजून, चेपलेला असल्यामुळे तिच्यातला स्टार्च आधीच अर्धवट शिजलेला असतो. बेकरीतला शिळा पावही त्याच कारणानं सोपा. फक्त त्यातलं मीठ ध्यानात ठेवायचं.

गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा मुख्य माल म्हणून घेऊ नका. त्यात तंतू जास्त, स्टार्च कमी, आणि आपण वापरणार ते एन्झाइम (स्टार्च तोडणारं प्रथिन) तंतूला हात लावत नाही. तंतूपासून इथेनॉल काढायचं तंत्र वेगळं. माटुंग्याच्या आयसीटीनं (रसायन तंत्रज्ञान संस्थेनं) त्यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या तंत्रावर आधारलेला प्रात्यक्षिक कारखाना २०१६ साली उत्तराखंडमध्ये काशीपूरला सुरू झाला. या लेखातल्या भांड्यांत ते जमणारं नाही.

आणखी एक. मुंबईच्या हवेत ओली साल टिकत नाही. मे महिन्यात सकाळची साल संध्याकाळी आंबूस येते. तो आंबूसपणा म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी खाल्लेली साखर, म्हणजे आपलंच इथेनॉल. साल सकाळी आणा, दुपारच्या आत शिजवा. जमणार नसेल तर निदान ८० अंशांच्या वर तापवून झाकून ठेवा.

मोजणी

सालीचा लगदा नीट ढवळून तीन ठिकाणचे नमुने घ्या. वाळू-माती दिसली तर एकदाच, कमी पाण्यात धुवा. ते धुवणही स्थिर ठेवून तळाचा स्टार्च परत घ्या, नाहीतर मोजण्याआधीच तोटा सुरू.

पाणी मोजण्यासाठी साधारण १० ग्रॅम नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचा.

स्टार्चसाठी कॉलेजांतली रूढ रीत अशी: वाळवलेला नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात अडीच तास उकळायचा, थंड करून उदासीन करायचा, फेलिंग द्रावणानं ग्लुकोज मोजायचं आणि येणाऱ्या आकड्याला ०.९ नं गुणायचं. या रीतीत आम्ल तंतूंमधल्या काही साखराही मोकळ्या करतं, त्यामुळे सालीचा स्टार्च फुगून दिसतो. एन्झाइमनं केलेली मोजणी जास्त विश्वासाची. आम्लाचा आकडा वापरणार असाल तर पुढे उतारा कमी आला म्हणून यीस्टला दोष देऊ नका.

आता रसायनाचा आकडा, जो पाठच असायला हवा. १०० ग्रॅम स्टार्च पाणी शोषून १११ ग्रॅम ग्लुकोज देतो. त्या ग्लुकोजचं सैद्धांतिक कमाल ५६.८ ग्रॅम इथेनॉल होतं, म्हणजे ७२ मिली. प्रत्यक्षात यीस्ट स्वतः वाढतं, ग्लिसरॉल करतं, थोडा स्टार्च शिजायचा राहतो. ८५ ते ९० टक्के उतारा मिळाला तर काम चांगलं झालं म्हणायचं.

फक्त साल घेतली तर काय होतं पाहा. दोन किलो लगद्यात १७ टक्के कोरडा माल धरला तर ३४० ग्रॅम. त्याचा ४० टक्के स्टार्च म्हणजे १३६ ग्रॅम, आणि इथेनॉल कागदावर ९८ मिली. वरून थेंबभर पाणी घातलं नाही तरी द्रव जेमतेम चार-पाच टक्क्यांचं होतं. इतकं पातळ द्रव गाळायचं म्हणजे बहुतेक इंधन पाणी तापवण्यात घालवायचं.

म्हणून माझा सल्ला असतो की साल मुख्य माल न मानता पाण्याच्या जागी धरावी. कणी शिजवायला जे पाणी लागणारच आहे ते सालीच्या लगद्यातून येऊ द्या. दोन किलो लगदा, ४०० ग्रॅम कणीचं पीठ आणि १ लिटर पाणी, असं एकूण ३.४ किलो. कणीचा स्टार्च ७२ टक्क्यांनी २८८ ग्रॅम, सालीचा १३६, एकूण ४२४ ग्रॅम. सैद्धांतिक इथेनॉल २४१ ग्रॅम, म्हणजे ३०५ मिली. ८८ टक्के उतारा धरला तर २१२ ग्रॅम, म्हणजे २६९ मिली, आणि द्रव साडेआठ टक्क्यांच्या आसपासचं. हे गाळण्याजोगं. यापुढचे आकडे याच बॅचचे.

शिजवणं

बॅच बिघडते ती बहुतेक वेळा इथे, आणि कळतं तीन दिवसांनी.

स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत आणि कच्च्या कणाला एन्झाइम फारसं लागू होत नाही. तापवल्यावर कण पाणी पितात, फुगतात, फुटतात. बटाट्याचा स्टार्च साधारण ५८ ते ६८ अंशांत फुगतो, तांदळाचा ६८ ते ७८ अंशांत. कुरडयांचा चीक ज्यानं घाटला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको: पळी मोकळी फिरत असते आणि बघता बघता हात भरून येतो. आपल्याला तो घट्टपणा नको आहे, म्हणून एन्झाइम आधीच घालून ठेवायचं.

कणी गिरणीतून बारीक दळून आणा, १ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकी. लगदा मिक्सरमधून फिरवून घ्या. पीठ थंड पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, मग लगद्यात मिसळा. गरम लगद्यात कोरडं पीठ टाकलं की वरून शिजलेल्या आणि आतून कोरड्या गोळ्या होतात. त्या शेवटपर्यंत तशाच राहतात आणि हिशेबात सापडत नाहीत.

आता पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, आम्ल जास्त तर तो कमी) ५.८ ते ६.० वर आणा. कमी असेल तर चुन्याची निवळी, जास्त असेल तर सौम्य सल्फ्युरिक आम्ल. एन्झाइम म्हणजे उष्णता सहन करणारं अल्फा-अमायलेज. ते बहुतेक बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून बनवतात. मात्रा बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे. बाजारातल्या द्रव एन्झाइमांना टनभर स्टार्चमागे अर्धा ते एक किलो लागतं, म्हणजे आपल्या बॅचला अर्ध्या मिलीच्याही आत. निम्मं आत्ता घाला, निम्मं राखून ठेवा.

मुंबईपुरती एक गोष्ट. या एन्झाइमांपैकी बऱ्याच जणांना स्थिर राहायला कॅल्शियम लागतं. महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं, पावसाचं साठवलेलं, त्यामुळे मऊ. त्यात कॅल्शियम कमी. लिटरमागे ०.२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलं की प्रश्न मिटतो. कॉलेजात बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर आधी त्याचा कठीणपणा तपासा, तिथे बहुधा घालायची गरज पडत नाही.

सतत ढवळत तापमान हळूहळू वाढवा. ६५ ते ७५ अंशांदरम्यान मिश्रण जड होईल, मग एन्झाइमचं काम दिसू लागेल आणि ते पुन्हा पातळ होईल. ९० अंशांवर ६० ते ९० मिनिटं ठेवा. ऑटोक्लेव्ह (दाबाखाली वाफेनं तापवणारं भांडं) मोकळा असेल तर मधे १०५ ते ११० अंशांवर १० मिनिटांचा एक फेरा द्या. कणीच्या आतला हट्टी भाग सुटतो आणि जिवाणूही मरतात. बाहेर काढून ८८ अंशांपर्यंत उतरल्यावर राखून ठेवलेलं निम्मं एन्झाइम घाला.

शिजलं का हे आयोडीन सांगतं. पांढऱ्या टाइलवर थेंबभर द्रव, त्यावर सौम्य आयोडीनचा थेंब. गडद निळा म्हणजे स्टार्च अजून अखंड, जांभळा म्हणजे तुटतोय, तांबूस-तपकिरी म्हणजे साखळ्या पुरेशा लहान झाल्या. मात्र थेंब पूर्ण थंड होऊ द्या. गरम द्रवात निळा रंग टिकतच नाही, आणि "झालं" समजून लोक भट्टी बंद करतात. शिवाय तळातला थोडा चोथा बोटांत चुरडून पाहा. खरखरीत पांढरा दाणा लागला तर आयोडीन काहीही म्हणो, आणखी शिजवा.

शेवटी भांड्याचं वजन करून उडून गेलेलं पाणी परत घाला. हे केलं नाही तर पुढचे सगळे टक्के चुकतात.

साखर आणि यीस्ट एकाच भांड्यात

मिश्रण ६० अंशांपर्यंत उतरवा. पीएच सौम्य सल्फ्युरिक आम्लानं ४.२ ते ४.५ वर आणा. आता दुसरं एन्झाइम, ग्लुकोअमायलेज. हे अस्परजिलस बुरशीपासून येतं आणि लहान साखळ्यांच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवतं. मात्रा पुन्हा टनभर स्टार्चला किलोच्या आसपास.

पुस्तकांत इथे २४ ते ४८ तास थांबायला सांगितलेलं असतं. साखरेपर्यंतच जायचं असेल तर तसंच करा. इथेनॉल करायचं असेल तर ६० अंशांवर अर्धा तास पुरे, मग ३२ अंशांपर्यंत थंड करून यीस्ट घाला आणि साखर होणं व साखर खाल्ली जाणं एकाच वेळी चालू द्या. साखर साचली की ग्लुकोअमायलेज स्वतःच मंदावतं, आणि कोमट गोड द्रव दोन दिवस उघड्यावर म्हणजे मुंबईभरच्या जिवाणूंना आमंत्रण.

यीस्ट म्हणून डिस्टिलरीचं कोरडं यीस्ट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर बेकरीचं कोरडं यीस्टही साडेआठ टक्क्यांपर्यंत निभावून नेतं. लिटरमागे १ ग्रॅम घ्या. ३५ ते ३८ अंशांच्या दहापट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, फेस आल्यावर मिसळा.

बटाट्यात नत्र असतं, पण कणीमुळे ते विरळ होतं. लिटरमागे ०.३ ते ०.५ ग्रॅम युरिया घाला. मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या, कृषी सेवा केंद्रातला नको. २०१५ पासून शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच येतो, आणि अनुदानाचा युरिया दुसऱ्या कामाला वळवणं हा गुन्हाही आहे. चेंबूरला आरसीएफचा खत कारखाना शेजारी असला तरी.

भांडं पाच लिटरचं काचेचं घ्या, वर बुडबुडे सोडणारा पाण्याचा एअरलॉक. हवाबंद बूच कधीही नाही, वायूच्या दाबानं काच फुटते.

तापमान ३० ते ३३ अंश. मुंबईत याची काळजी करायची ती गरम बाजूची. मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असते, आणि आंबताना उष्णता सुटून द्रव आणखी दोन-चार अंश चढतं. ३८ च्या पुढे यीस्ट थकतं आणि शेवटची साखर तशीच राहते. भांडं पाण्याच्या टबात ठेवा, पहिले २४ तास पाणी बदलत राहा.

आता या लेखातली मला सगळ्यात आवडणारी मोजणी. एअरलॉकसकट भांड्याचं वजन सुरुवातीला करा आणि दर सहा-आठ तासांनी करत राहा. ग्लुकोजमधून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड ९२ ला ८८ या प्रमाणात निघतात. वायू उडून जातो, म्हणून भांडं जितकं हलकं झालं त्याच्या १.०४५ पट इथेनॉल आत तयार झालं. आपल्या बॅचमध्ये २१२ ग्रॅम इथेनॉलसाठी साधारण २०३ ग्रॅम वजन घटायला हवं. ना रसायन, ना महागडं यंत्र, फक्त ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. साखर मोजणाऱ्या ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर या टप्प्यात भरवसा ठेवू नका. द्रवात अल्कोहोल आलं की तो चुकीचा आकडा दाखवतो.

घट वेळेप्रमाणे आलेखावर मांडा. निरोगी बॅच पहिल्या दिवशी सुसाट जाते, मग मंदावते, ६० ते ७२ तासांत सपाट होते. आलेख मधेच आडवा पडला तर आधी तापमान बघा, मग पीएच. पीएच ३.८ च्या खाली आणि वास दह्यासारखा असेल तर जिवाणूंनी बॅच घेतली. तापमान, पीएच दोन्ही ठीक असतील तर आयोडीन पुन्हा लावा. बहुतेक वेळा निळा रंग येतो, आणि मग शिजवण्याच्या नोंदी काढून बसावं लागतं.

मोठ्या टाकीत काम करणाऱ्यांसाठी: कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असतो, तळघरात आणि टाकीत साचतो, वास देत नाही. आंबवण्याच्या टाकीत हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर दुसरा माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही.

गाळणं

हा भाग परवानगीशिवाय नाही, हे पुन्हा एकदा.

द्रव आधी मलमलीतून पिळून घ्या. सालीचा चोथा फ्लास्कच्या तळाशी करपतो आणि काच तडकते. चोथा थोड्या पाण्यानं धुवून ते पाणीही द्रवातच घाला. तापवायला विजेचं हीटिंग मँटल, ज्योत अजिबात नाही. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेट घ्यायला तयारच असते. वर त्याची ज्योत उजेडात धड दिसतही नाही. खिडक्या उघड्या, अग्निशामक हाताशी, कंडेन्सरचं पाणी सुरू झाल्यावरच उष्णता चालू. उकळदगड आणि सिलिकॉनचा एखादा फेसनाशक थेंब विसरू नका, स्टार्चचं द्रव फार फेसाळतं.

पहिल्या फेरीत कॉलम न लावता साधारण एक तृतीयांश द्रव काढून घ्या. जवळजवळ सगळं इथेनॉल त्यात येतं, सुमारे २५ टक्क्यांचं. दुसऱ्या फेरीत उभा फ्रॅक्शनेटिंग कॉलम लावून हळू गाळा. सुरुवातीचे काही मिली वेगळे ठेवा. त्यात अॅसिटाल्डिहाइड आणि एथिल अॅसिटेट येतात. मग वरचं तापमान ७८ अंशांवर स्थिरावतं, तो मुख्य भाग. तापमान चढायला लागलं की पात्र बदला.

कॉलम कितीही चांगला असला तरी वजनानं ९५.६ टक्क्यांच्या पुढे नुसत्या गाळण्यानं जाता येत नाही. त्या प्रमाणाला पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. प्रयोगशाळेत ९० ते ९३ टक्के आले तरी समाधान माना. तीव्रता अल्कोहोलमीटरनं २० अंशांवर मोजा. मग तीन आकडे शेजारी मांडा: स्टार्चवरून अपेक्षित ३०५ मिली, वजनघटीवरून झालेलं, आणि प्रत्यक्ष हातात आलेलं शुद्ध इथेनॉल. पहिल्या दोघांत मोठी दरी असेल तर चूक शिजवण्यात किंवा आंबवण्यात. दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर कुठलातरी सांधा वाफ सोडतोय.

पेट्रोलमध्ये मिसळायला जवळपास निर्जल इथेनॉल लागतं. पाणी जास्त असेल तर मिश्रण फुटून तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसतो. उरलेलं पाणी ३ए जातीच्या आण्विक चाळणीनं काढतात. तिची छिद्रं पाण्याचे रेणू घेतात, इथेनॉलचे घेत नाहीत. मणी २५० अंशांवर तीन-चार तास तापवून, बंद भांड्यात थंड करून, लिटरमागे साधारण ४०० ग्रॅम घाला आणि रात्रभर ठेवा. नंतर बाटली घट्ट बंद. पावसाळ्यात उघड्या बाटलीत ते हवेतलं पाणी परत ओढून घेतं आणि केलेलं काम वाया जातं.

उरलेलं आणि मोठं माप

चोथ्यात प्रथिनं आणि तंतू उरतात, म्हणून धान्याच्या डिस्टिलऱ्या तो वाळवून पशुखाद्य म्हणून विकतात. बटाट्याच्या बाबतीत जपून. हिरव्या आणि कोंब आलेल्या बटाट्याच्या सालीत सोलानिन असतं, ते शिजवून किंवा आंबवून जात नाही. असा माल वापरला असेल तर चोथा तबेल्याकडे न देता बायोगॅसला द्या. ट्रॉम्ब्यातल्या बीएआरसीनं विकसित केलेलं 'निसर्गऋण' तंत्र अशाच ओल्या कचऱ्यासाठी आहे. गाळून उरलेलं गरम, आम्लयुक्त पाणीही तिकडेच जावं. ते गटारात सोडता येत नाही.

आता कारखानदारांचा प्रश्न. दिवसाला ५०० किलो साल निघणारं युनिट धरू. कोरडा माल ८५ किलो, स्टार्च ३४ किलो, चांगल्या उताऱ्यानं २१ लिटर इथेनॉल. तेल कंपन्यांनी २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये दिले. तो दर, जो धान्याच्या इथेनॉलमध्ये वरचा होता, इथे लावला तरी दिवसाचे दीड हजार. त्यातून बॉयलर अटेंडंट, वीज, एन्झाइम, उत्पादन शुल्काचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमन दलाचं ना-हरकत, डिस्टिलरी म्हणून लागणारी पर्यावरण मंजुरी. बसत नाही. धान्याची डिस्टिलरी हजारो लिटर रोजच्या मापात चालते, आणि तिच्याकडे साल पाठवायची तर ट्रकमध्ये ८३ टक्के पाणी वाहून न्यावं लागतं. स्क्रू प्रेसनं पिळून पाणी उतरवलं आणि डिस्टिलरी जवळ असली तरच बोलणी करण्यात अर्थ आहे.

एवढ्या युनिटनं काप धुण्याच्या नळीखाली दोन टाक्या बांधाव्यात, आलटून पालटून भरायच्या. एक स्थिर असताना दुसरी भरते. वरचं निवळ पाणी बटाट्याची माती धुवायला परत फिरवायचं आणि खालचं सत्त्व वाळवून खळ-डिंक बनवणाऱ्यांना विकायचं. लगदा बायोगॅसला. यासाठी कोणाचा मद्यार्काचा परवाना लागत नाही.